कडेशी थांबलेला अंगठा

कन्सोल भाचीच्या हातात होता आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होते. खेळाचा नायक लिंक किनाऱ्याकिनाऱ्याने उजवीकडे निघाला होता. पडद्याची कड जवळ आली आणि माझा अंगठा आपसूक थबकला. हातात काही नव्हतं, तरी थबकला. त्या जागी जग क्षणभर थांबायला हवं होतं, सगळं चित्र डावीकडे सरकायला हवं होतं आणि पुढचा चौकोन यायला हवा होता. तसं काहीच झालं नाही. लिंक चालत राहिला आणि किनारा त्याच्यासोबत उलगडत गेला, लाटांसकट, झाडांसकट.

"काय झालं आत्या?"

"काही नाही गं. तू चाल पुढे."

ती खेळत होती तो 'लिंक्स अवेकनिंग' २०१९ चा, निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावरचा, ग्रेझो नावाच्या जपानी स्टुडिओने पायापासून पुन्हा बांधलेला, म्हणजे रीमेक. मी खेळले होते तो १९९३ चा, निन्टेंडोच्याच गेम बॉय या हातात मावणाऱ्या जुन्या यंत्रावरचा. दोन्हींत बेट तेच, कोहोलिंट. गाव तेच, घरं जिथल्या तिथे, गुहांची तोंडं त्याच डोंगरात, अंगणात साखळीला बांधलेला तो जबडेवाला प्राणीही जागेवर. इतकं सगळं जागेवर असताना माझा अंगठा चुकला आणि त्या चुकीने मला पुढचे कित्येक दिवस विचारात पाडलं.

गेम बॉयचा पडदा आडवा १६० पिक्सेल आणि उभा १४४. त्यातली तळाची १६ पिक्सेलची पट्टी जिवाचे बदाम आणि हातातल्या वस्तू दाखवण्यात जाई. उरलेल्या जागेत आडव्या १० आणि उभ्या ८ चौकटी बसत. बस्स, एका वेळी दिसणारं जग एवढंच. सबंध बेट अशा २५६ पडद्यांचं, १६ आडवे आणि १६ उभे. कडेला पोचलं की पडदा सरकायचा आणि दुसरा लागायचा. त्यामुळे मी ते बेट चौकोनाचौकोनांनी शिकले. विहिरीचा चौकोन, फुलांचा चौकोन, 'इथे उगाच येऊ नये' असा एक चौकोन. शत्रू अंगावर आला की कडेबाहेर पाऊल टाकायचं आणि परत फिरायचं. तो आपल्या मूळ जागी जाऊन उभा असे, जणू काही घडलंच नाही. कड म्हणजे दार होतं. दारापलीकडे काय आहे ते दार ओलांडल्याशिवाय कळत नसे, आणि त्या अर्ध्या क्षणाच्या सरकण्यात माझा श्वास अडकायचा.

हे कुणी कलात्मक हेतूने केलेलं नव्हतं. यंत्राला एवढंच झेपत होतं. पण खेळणाऱ्याला यंत्राची मर्यादा आणि खेळाचा स्वभाव वेगवेगळे दिसत नाहीत. दोन्ही मिळून एकच गोष्ट त्याच्या हातात येते आणि हात तीच लक्षात ठेवतो. म्हणून जुना खेळ नव्याने करायला बसणाऱ्यापुढचा खरा पेच मला चित्रांचा किंवा संगीताचा वाटत नाही. जुन्या खेळातली कोणती अडचण वाटेतला दगड होती आणि कोणती अडचण म्हणजेच वाट होती, हे त्याला ओळखायचं असतं. दगड उचलला तर खेळणारा दुवा देतो. वाटच उचलली तर खेळ उरतो, पण तो कुठे नेत होता ते हरवतं.

हातातल्या छोट्या यंत्रांच्या बाबतीत हा पेच जास्त अवघड आहे, कारण त्यांच्या मर्यादा फार होत्या आणि फार जवळच्या होत्या. गेम बॉय १९८९ मध्ये आला. निन्टेंडोच्या ज्या विभागाने तो घडवला त्याचे प्रमुख गुनपेई योकोई यांचा आग्रह असा, की नव्या कोऱ्या महाग तंत्रज्ञानामागे धावू नये. मुरलेलं, स्वस्त झालेलं, नीट कळलेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि ते कुणाला सुचलं नाही अशा कामाला लावावं. त्याच सुमारास बाजारात आलेल्या अटारी लिंक्स आणि सेगा गेम गियर या यंत्रांना रंगीत, आतून उजळणारे पडदे होते, पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते बघता बघता संपत. गेम बॉयला चार पुरत आणि ते कितीतरी जास्त चालत. बदल्यात रंग नाही, उजेड नाही. हिरवट पडद्यावर गडद-फिक्या चार छटा, एवढ्यावर सगळा संसार.

आमचा गेम बॉय दादाचा होता. मला मिळायचा तो त्याचं झाल्यावर, म्हणजे बहुधा उजेड उतरल्यावर. खिडकीकडे पाठ करून बसायचं, यंत्र थोडं तिरकं धरायचं, म्हणजे खांद्यावरून येणारा प्रकाश पडद्यावर पडे. डाव्या बाजूला एक दातेरी चाक होतं, ते अंगठ्याने किंचित फिरवलं की चित्र गडद व्हायचं. जास्त फिरवलं की सगळंच काळवंडायचं. उजेड कमी होत जाई तसतसं मी ते चाक केसभर केसभर पुढे नेत असे. पडद्याशेजारचा लाल दिवा मंद व्हायला लागला की सेल संपत आले. तो दिवा मंदावताना मी किती वेळा देवळाच्या शेवटच्या खोलीत होते ते मोजलेलं नाही. पळणाऱ्या वस्तूमागे पडद्यावर पुसट सावली ओढली जाई, त्यामुळे वेगाने येणारा बाण दिसायचा कमी आणि जाणवायचा जास्त.

इतक्या कमी सामानात काम करायचं म्हणजे करणाऱ्याला काय काय सुचावं लागतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण 'मेट्रॉइड २' या खेळातलं. पहिल्या 'मेट्रॉइड'मध्ये नायिका सॅमसला नवं चिलखत मिळालं की तिचा रंग बदले. गेम बॉयवर रंगच नाहीत, मग बदल दाखवायचा कसा? त्यांनी चिलखताचे खांदे मोठे, गोल केले. एवढंच. पुढे रंगीत यंत्रं आली, मोठे पडदे आले, रंग हवे तेवढे मिळाले. ते गोल खांदे मात्र राहिले. आज सॅमसची नुसती सावली दाखवली तरी लोक ओळखतात ती त्या खांद्यांवरून.

'लिंक्स अवेकनिंग'मध्ये अडचण बटणांची होती. गेम बॉयला कामाची बटणं दोनच, ए आणि बी. लिंककडे वस्तू डझनभर: तलवार, ढाल, बॉम्ब, धनुष्य, उडी मारायचं पीस, पळायचे बूट, दगड उचलायचं कडं. त्यामुळे दर थोड्या वेळाने खेळ थांबवायचा, यादी उघडायची, एक वस्तू ठेवायची, दुसरी घ्यायची आणि परत यायचं. कडं हातात नसताना दगडाला नुसता धक्का लागला तरी सगळं थांबे आणि हे फार जड आहे अशा अर्थाची पाटी येई. दर वेळी, न चुकता. दहाव्यांदा ती पाटी आली की दादा दुसऱ्या खोलीतून विचारायचा, "परत दगड का?" कारण माझा सुस्कारा तिथपर्यंत ऐकू जायचा.

रीमेकमध्ये तलवार, ढाल, बूट आणि कडं यांना कायमची जागा मिळाली आणि उरलेल्या वस्तूंसाठी दोन बटणं मोकळी राहिली. कडं मिळाल्यापासून भाची चालता चालता दगड उचलते, फेकते, पुढे जाते. ते बघताना मला जे वाटलं तो निखळ आनंद होता. तो दगडच होता, शब्दशः, आणि कुणीतरी तो वाटेतून उचलला होता.

पण त्याच बदलाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि ती गेली हे भाचीला कधी कळणारही नाही. जुन्या खेळात रुंद खड्डा ओलांडायचा तर पळता पळता उडी मारावी लागे. म्हणजे एका बटणावर बूट आणि दुसऱ्यावर पीस. झाली दोन्ही बटणं. तलवार ठेवून द्यायची, ढालही ठेवून द्यायची आणि पलीकडे काय उभं आहे ते ठाऊक नसताना रिकाम्या हातांनी झेप घ्यायची. पलीकडे पाय टेकले की घाईघाईने यादी उघडून तलवार पुन्हा हातात. ती झेप मला आजही पोटात आठवते. आता तीच झेप तलवार, ढाल सगळं बाळगून घेता येते. खड्डा तेवढाच रुंद आहे, उडी तेवढीच लांब आहे. मात्र उडीआधी काहीतरी सोडावं लागत होतं, ते उरलेलं नाही.

मला हा बदल उलटवायचा नाही. हिशेब मांडला तर दगडाची पाटी जाणं हे झेपेच्या किमतीपेक्षा मोठं आहे, असंच मी म्हणेन. फक्त किंमत दिली गेली हे कुणीतरी लिहून ठेवावं, म्हणून लिहिते.

असाच निखळ दगड लिंकच्याच 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळात होता. १९९८ च्या त्या खेळात पाण्याच्या मंदिरात तळाशी जायला लोखंडी बूट घालावे लागत आणि वर यायला काढावे लागत, आणि प्रत्येक घालण्या-काढण्याला खेळ थांबवून यादीचं पान उलटावं लागे. ग्रेझोनेच २०११ मध्ये निन्टेंडोच्या ३डीएस या हातातल्या, दोन पडद्यांच्या यंत्रासाठी त्याचा रीमेक केला, तेव्हा बूट खालच्या टच स्क्रीनवर आणले आणि पाण्याची पातळी बदलायच्या खोल्यांकडे नेणारे रंगीत पट्टे भिंतींवर काढले. मंदिर तेच, कोडं तेच, चीड गेली. त्याच मंडळींनी जुन्या खेळातल्या काही चुका मात्र मुद्दाम राहू दिल्या, कारण खेळणाऱ्यांचा त्यांच्यावर जीव होता. चूक दुरुस्त करता येत असताना ती प्रेमापोटी सांभाळायची, याला फार समज लागते.

उलट बाजूही आहे. १९९६ चा 'सुपर मारिओ ६४' मुळात एका दांडीभोवती घडला. अॅनालॉग स्टिक हलकेच ढकलली की मारिओ चवड्यांवर चाले, थोडी जास्त ढकलली की चालू लागे, पूर्ण ढकलली की धावत सुटे. झोपलेली मांसाहारी झाडं जागी होऊ नयेत म्हणून त्यांच्याजवळून चवड्यांवर जायचं, हा त्या खेळातला केवढा मोठा आनंद! २००४ मध्ये त्याचा रीमेक निन्टेंडो डीएसवर आला आणि त्या यंत्राला ती दांडीच नव्हती. दिशेची चार टोकं, धावायचं बटण आणि टच स्क्रीन. यंत्रासोबत एक पट्टा येत असे, त्याच्या टोकाला अंगठ्यात अडकवायची प्लास्टिकची टोपी. ती पडद्यावर घासून दांडीचं काम करायचं. खेळात भर पुष्कळ घातली होती. ताऱ्यांची संख्या १२० वरून १५० झाली, योशी, लुइजी, वारिओ यांनाही घेऊन खेळता येऊ लागलं, चेहरे नितळ झाले. पण ज्या हालचालीसाठी तो सगळा पसारा मांडला होता ती हालचालच त्या यंत्राच्या अंगात नव्हती. मला तो रीमेक आवडू शकला नाही, आणि त्याच्या श्रमांबद्दल आदर असूनही हे माझं मत बदललेलं नाही.

उजेडाचा प्रश्न मला जास्त गुंतागुंतीचा वाटतो. २००१ मध्ये गेम बॉय अॅडव्हान्स आला. रंग आले, पण पडदा अजूनही आतून उजळत नव्हता. सुरुवातीच्याच खेळांपैकी 'कॅसलव्हेनिया: सर्कल ऑफ द मून' हा अंधाऱ्या किल्ल्यातला खेळ, आणि त्या पडद्यावर तो इतका काळोखा पडला की दिव्याखाली बसूनही पायऱ्या शोधाव्या लागत. इतर अनेकांनी मग शहाणपणाने आपल्या खेळांचे रंग मुद्दाम फिके, भडक, उजळ करून ठेवले, म्हणजे अंधुक पडद्यावर ते ठीक दिसावेत. आज तेच खेळ लख्ख पडद्यावर लावले की पांढुरके दिसतात, उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखे. मग त्यांचा खरा रंग कोणता? चिपमध्ये आकड्यांनी लिहिलेला, की तेव्हा डोळ्यांना दिसलेला? मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. ज्याने तो रंग निवडला त्याने तो अंधुक पडदा समोर ठेवून निवडला होता.

२०२१ मध्ये आलेल्या अॅनालॉग पॉकेट या यंत्राचा पडदा १६०० गुणिले १४४० पिक्सेलचा आहे, म्हणजे गेम बॉयच्या बरोब्बर दहापट, आडवा आणि उभा दोन्हीकडे. जुना एक ठिपका तिथे शंभर ठिपक्यांनी काढला जातो. इतके ठिपके कशाला? तर जुन्या पडद्यावर दोन ठिपक्यांमध्ये जी बारीक फट दिसायची तीसुद्धा काढता यावी म्हणून. ती हिरवट छटाही निवडता येते. हा रीमेक नव्हे, जुनं कार्ट्रिज, म्हणजे खेळाची ती छोटी डबी, घालून चालवायचं नवं यंत्र आहे. पण फट काढण्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या माणसांना मी मनापासून नमस्कार करते.

नव्या चित्रांची एक किंमत मला आधी ठाऊक नव्हती. जुन्या खेळात मॅरिन, किनाऱ्यावर वाहून आलेल्या लिंकला घरी नेणारी ती मुलगी, चार छटांत काढलेली होती. तिच्या झग्याला रंग नव्हता, म्हणून तो मीच दिला होता. पिवळा. कधी दिला, का दिला, आठवत नाही. इतकी वर्षं ती माझ्या डोक्यात पिवळ्या झग्यात गात होती. रीमेकमध्ये तिचा झगा निळा आहे, आणि तो निळाच असायचा होता. अधिकृत चित्रांतही निळाच आहे. चूक माझी. पण आता पिवळी मॅरिन आठवायला मला डोळे मिटून थोडं थांबावं लागतं, आणि ती येते तेव्हाही कडेने निळी होत जाते.

आता 'मेट्रॉइड २'कडे परत येते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिथे अडकला आहे. १९९१ चा खेळ. सॅमसला एका ग्रहावर पाठवलं आहे, तिथले सगळे मेट्रॉइड नावाचे घातक जीव मारून टाकायला. किती उरले तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसतो, ३९ पासून खाली. ठरलेली संख्या मारली की जमीन हादरते, आम्ल थोडं ओसरतं आणि आणखी खोल उतरता येतं. नकाशा नाही. छोट्या पडद्यावर सॅमस मोठी काढलेली, म्हणून आजूबाजूचं फार थोडं दिसतं. मागे सगळा काळोख. काही भागांत संगीत म्हणावं असं काही नाहीच, नुसती टिकटिक, किरकिर, खोल गुहेत पाणी ठिबकावं तसे आवाज. मी लहानपणी तो आवाज बंद करून खेळत असे, इतकी भीती वाटायची.

आकडा अखेर एकावर येतो आणि अचानक नऊ होतो. त्या क्षणी हात गार पडतात. तेही संपवून, राणीला मारून झाल्यावर समोर एक अंडं फुटतं. पिल्लू बाहेर येतं. ते हल्ला करत नाही. सॅमसभोवती घिरट्या घालतं, तिला आई समजतं. जिने सगळ्यांना मारलं ती याला मारत नाही. मग दोघं वर चढू लागतात. वाट अडवणारे काही अडथळे फक्त ते पिल्लूच खाऊ शकतं, ते खात जातं आणि सॅमस मागून चालते. शत्रू नाही, लढाई नाही. इतका वेळ खाली खाली उतरल्यावर हे नुसतं वर येणं, आणि शेवटी जमिनीवर उभं असलेलं यान. एवढ्या खेळात कुणी एक शब्द बोलत नाही, तरी त्या चढणीवर मला कळलं होतं की काहीतरी बदललं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये या खेळाचा एक हौशी रीमेक लोकांसमोर आला आणि थोड्याच काळात मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ३डीएससाठी अधिकृत रीमेक आला, मर्क्युरीस्टीम या स्पॅनिश स्टुडिओने निन्टेंडोसोबत केलेला. अधिकृत रीमेक मी दोनदा पूर्ण केला. नेम सगळ्या दिशांना धरता येतो, शत्रूचा वार परतवता येतो, नकाशा आहे, गुहांना खोली आहे, मागे ढासळलेल्या वास्तू दिसतात. नकाशा देणं योग्यच होतं असं मला वाटतं. पण शेवटी, पिल्लू सोबत असताना, त्या शांत चढणीनंतर, तिथे एक मोठी लढाई घातली आहे. सॅमसचा जुना वैरी रिडली येतो. लढाई उत्तम बांधली आहे, कठीण आहे, जिंकल्यावर समाधानही मिळतं. तरी ती तिथे नको होती. मोठा खेळ मोठ्या लढाईने संपावा अशी रीत आहे, आणि १९९१ मध्ये कुणीतरी ती रीत मोडली होती. ती शांतता यंत्राच्या दुबळेपणातून आलेली नव्हती. एक लढाई आणखी घालणं गेम बॉयलाही जमलं असतं. इथे मला वाटतं की वाटच उचलली गेली.

या बाबतीत मला सगळ्यात मोठ्या मनाचा वाटतो तो २००४ चा 'मेट्रॉइड: झिरो मिशन', १९८६ च्या पहिल्या खेळाचा गेम बॉय अॅडव्हान्सवरचा रीमेक. तो पूर्ण केला की मूळ खेळ उघडतो, आहे तसा, जुन्या चित्रांसकट. आम्ही असं असं बदललं, हे बघा मूळ, तुम्हीच ठरवा. प्रत्येक रीमेकच्या पोटात त्याचा मूळ खेळ असावा, असा माझा साधा हट्ट आहे.

तो हट्ट का, ते दादाच्या कार्ट्रिजमुळे. 'पोकेमॉन गोल्ड' १९९९ चा. त्यात घड्याळ होतं. बाहेर रात्र झाली की खेळातही रात्र होई. ते घड्याळ यंत्र बंद असतानाही चालावं म्हणून कार्ट्रिजच्या आत नाण्याएवढा चपटा सेल होता, आणि सेव्ह केलेला खेळही त्याच सेलवर जगत होता. बऱ्याच वर्षांनी दादाने ते कार्ट्रिज खणातून काढलं, फुंकर मारली, लावलं. ओळखीची सुरावट वाजली. मग मेन्यू आला, आणि त्यात 'कंटिन्यू' नव्हतं. 'न्यू गेम' आणि 'ऑप्शन', एवढंच. सेलचं वय झालं होतं, कुणाचाच दोष नव्हता. त्याचा पहिला पोकेमॉन, सिंडाक्विल जातीचा, ज्याचं नाव त्याने इंग्रजी अक्षरांत 'ठिणगी' ठेवलं होतं, तो नव्हता. दादा काही बोलला नाही. त्याने यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बघितलं. मग म्हणाला, "अगं, सगळं गेलं."

'हार्टगोल्ड' हा त्याच खेळाचा डीएसवरचा रीमेक २००९ मध्ये जपानात आला. दादाने तो घेतला तेव्हा पहिल्या तासातच त्याने सिंडाक्विल निवडला आणि नाव ठेवलं ठिणगी. पुढे प्रत्येकाला तेच जुनं नाव, आठवून आठवून. एक आठवलं नाही तेव्हा मला विचारायला आला, आणि मला आठवत होतं. या रीमेकमध्ये संघातला पहिला पोकेमॉन आपल्या मागे मागे चालतो. जुन्या खेळात ठिणगी नेहमी चेंडूत असायचा, आता तो दादाच्या मागे गवतातून चालत होता. खेळात खूप पुढे गेल्यावर एक वस्तू मिळते, 'जीबी साउंड्स'. ती चालू केली की सगळं नवं संगीत बाजूला होतं आणि गेम बॉयचे मूळ आवाज वाजू लागतात, तसेच पातळ, कर्कश, बिपबिप. दादाने ती लावली आणि कानातली एक पुंगळी माझ्याकडे दिली. आम्ही दोघं रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या छोट्या मुलाकडे आणि त्याच्या मागच्या ठिणगीकडे बघत बराच वेळ बसलो. खेळलो काहीच नाही.

रीमेकही म्हातारे होतात, हे आता दिसू लागलं आहे. ३डीएसचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं. 'ओकारिना'चा तो सुंदर रीमेक आणि 'मेट्रॉइड २'चा तो रीमेक, दोन्ही त्या यंत्रातच अडकले. आणि त्यांचे मूळ खेळ, १९९८ चा आणि १९९१ चा, स्विचवर वर्गणी भरून खेळता येतात. ज्याला सावरायला रीमेक केला तो जुना समोर उभा आहे आणि रीमेकच शोधावा लागतो. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीत आढळलं की तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. तो आकडा वाचल्यापासून 'मूळ बरा की रीमेक' या वादात माझं मन रमत नाही. दोन्ही हवेत.

भाचीचं सांगायचं राहिलं. तिने आठही वाद्यं मिळवली. डोंगरावर त्या प्रचंड अंड्यासमोर ती पोचली तेव्हा मी मुद्दाम जवळ बसले होते. ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: अंड्यात विंड फिश झोपला आहे, बेट म्हणजे त्याचं स्वप्न आहे. ती वाद्यं वाजवली की त्याला जाग यायची वेळ येते, आणि तो जागा झाला की बेट नाही, गाव नाही, मॅरिन नाही. खेळ हे लपवत नाही, वाटेत सांगून ठेवतो. तिने ते नीट वाचलं होतं.

"आत्या, नाही वाजवलं तर?"

"तर काही होणार नाही. खेळ तसाच राहील."

"तू काय केलंस तेव्हा?"

"मी वाजवलं."

तिने थोडा विचार केला. मग सेव्ह केलं, लिंकला अंड्याकडे पाठ करून उभं केलं, पुन्हा एकदा सेव्ह केलं आणि कन्सोल माझ्या हातात दिला. "तू पण नको वाजवूस हं," म्हणाली.

त्याला आता बरेच महिने झाले. कन्सोल माझ्याकडेच आहे. मधूनमधून चार्जिंगला लावते, तिची फाइल उघडते. लिंक तसाच उभा असतो. मी त्याला डोंगरावरून खाली आणते, किनाऱ्यापर्यंत नेते आणि सेव्ह न करता बंद करते.